वाहनपरीक्षा

मुलीस स्थळ पाहताना घरात जितका खल होत नाही, तितका हल्ली नवी दुचाकी घ्यावयाची ठरली म्हणजे होतो. स्थळाच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचे मत विचारण्याची रीत निदान नावाला तरी उरली आहे. दुचाकीच्या बाबतीत मात्र ज्यास अद्याप मिसरूड फुटलेले नाही तोही स्वतःस शालिहोत्राचा शिष्य समजतो. एक म्हणतो, अमुक कंपनीवाचून दुसरी गाडी पाहूच नये. दुसरा म्हणतो, त्या कंपनीची गाडी दारात आणणे म्हणजे मिस्त्रीला घरजावई करून घेणे होय. दोघांसही आधार विचारला तर एकाकडून मामाचा दाखला मिळतो आणि दुसऱ्याकडून मित्राचा. मामा आणि मित्र ह्यांच्या पलीकडे ह्या विषयाचे काही शास्त्र असेल की नाही, ह्याचा विचार आम्ही गेली पस्तीस-चाळीस वर्षे अधूनमधून करीत आलो आहोत. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याचा आज विचार आहे.

घोड्यांचे शास्त्र आपल्याकडे होतेच. शालिहोत्राच्या नावावर अश्वशास्त्राची परंपरा चालत आली आणि पांडवांतला नकुल त्या विद्येत निपुण गणला गेला. घोडा घेणारा मनुष्य त्याचे दात, खूर आणि चाल तर पाहीच, परंतु अंगावरील केसांचे भोवरे विशेष निरखून पाही. अमुक ठिकाणचा भोवरा शुभ, तमुक ठिकाणचा धन्यास घातक, अशी समजूत होती. दात आणि खूर ह्यांचा घोड्याच्या गुणाशी संबंध उघड आहे; भोवऱ्याचा तसा काही दिसत नाही. आजच्या दुचाकीच्या टाकीवर कंपनीचे जे चकचकीत नाव चिकटवलेले असते, ते आम्हांस पुष्कळदा ह्या भोवऱ्यासारखे वाटते. बजाज कंपनीने इटालियन व्हेस्पाचा परवाना 1971 मध्ये संपल्यावर 1972 साली जी स्कूटर काढली, तिला राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव दिले, तेव्हा अश्वपरीक्षेचा वारसा तिच्याकडे आपोआप चालत आला असे म्हणावयास हरकत नाही. त्या स्कूटरीसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहात. वाट पाहिलेल्या वस्तूचे दोष मनुष्यास दिसत नाहीत, हेही एक लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आमचे इस्लापूर हे किनवट तालुक्यातील गाव. 1956 पूर्वी हे सर्कल आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. एका अंगाला पैनगंगा आणि तिच्यावरचा सहस्रकुंडाचा धबधबा, दुसऱ्या अंगाला सागाचे रान, आणि मध्ये तांडे, गोंड-कोलामांच्या वस्त्या व नाले. आमची काळी माती पावसाळ्यात चाकाला अशी धरते की चाक आणि चिखलपट्टी ह्यांच्यामध्ये तिचा लगदा दाटून गाडी उतारावरही हलत नाही. मुंबई-पुण्याच्या डांबरी रस्त्यावर उत्तम ठरलेली गाडी येथे उत्तम ठरेलच असे नाही. कोणत्याही गाडीची स्तुती ऐकली की ती कोणत्या मातीवरची आहे, हे आम्ही आधी विचारतो.

ह्या विचाराचे कारण केवळ शास्त्रजिज्ञासा नव्हे. 1986 च्या श्रावणात एका रात्री आमच्या तीर्थरूपांस एकाएकी उजव्या अंगाला मुंग्या येऊन वाचा अडखळू लागली. घरात वाहन नव्हते. शेजारच्या गृहस्थांकडे नवी म्हणावी अशी मोटारसायकल होती आणि ते बिचारे अंथरुणातून उठून तत्काळ धावून आले. किनवटला जाऊन डॉक्टरांस घेऊन यावयाचे, असा बेत ठरला. गाडीला पंधरा मिनिटे किका मारल्या. एंजिन एकदा खोकले आणि पुन्हा गप्प झाले. कंदिलाच्या उजेडात प्लग काढला, पुसला, घासला, पुन्हा बसवला, व्यर्थ! शेवटी बैलगाडी जोडून स्टेशन गाठले आणि पहाटेपर्यंत फलाटावर बसून त्या वेळच्या मीटरगेज गाडीने तीर्थरूपांस किनवटास नेले. ते त्यानंतर नऊ वर्षे जगले. परंतु उजव्या हाताने त्यांना पुन्हा संध्येची पळी धरता आली नाही. लवकर आणले असते तर काही करून पाहता आले असते, एवढेच डॉक्टर बोलले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ती गाडी खोलली तेव्हा कारण सापडले. कार्ब्युरेटरच्या वाटीत पाणी होते. जवळपास पेट्रोलपंप नसल्यामुळे गावात डब्यातून आणून बाटलीने विकलेले पेट्रोल लोक घेत. पावसाळ्यात त्या डब्यात पाणी उतरले होते. गावाने मात्र त्या कंपनीच्या नावाने खडे फोडावयास आधीच आरंभ केला होता, आणि पुढे दोन-तीन वर्षे आमच्या गावात ती गाडी कोणी घेतली नाही. कंपनीचा ह्यात कवडीचा संबंध नव्हता. तथापि ‘मास्तरांच्या वडिलांच्या वेळेस बंद पडली ती’ एवढे वाक्य पंचक्रोशीत पुरेसे झाले.

तेव्हा आमच्या मनात आले की ह्या बाबतीत लोक ज्ञान कोणत्या मार्गाने मिळवितात ते एकदा तपासावे. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वाहन घेणाऱ्याचे प्रत्यक्ष म्हणजे दुकानदाराने दिलेली पाच मिनिटांची फेरी. त्या पाच मिनिटांत गाडी धावते की नाही हे कळते. पाच वर्षे धावेल की नाही हे कळत नाही. मग लोक शब्दावर येतात. शब्द प्रमाण व्हावयास बोलणारा आप्त असावा लागतो. म्हणजे त्यास वस्तूचे यथार्थ ज्ञान हवे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची बुद्धीही हवी. दुकानदार पहिल्या कसोटीस उतरेल, दुसऱ्या नाही. गाडीचा धनी तरी आप्त आहे काय? स्वतः निवडलेला जावई वाईट निघाला असे चारचौघांत कोण बोलतो? वीस हजार मोजलेला मनुष्य आपल्या पैशांची तरफदारी करीत असतो आणि त्यास वाटते की आपण गाडीविषयी बोलत आहोत.

राहिला मिस्त्री. त्याच्याकडे ज्ञान आहे, आणि बहुधा खोटे बोलण्याचे कारणही नाही. परंतु त्याच्या साक्षीवरून अनुमान करताना जपावे लागते. न्यायातले प्रसिद्ध उदाहरण पाहा: धूर असेल तेथे अग्नी असतोच, परंतु अग्नी असेल तेथे धूर असेलच असे नाही, त्यास ओले सरपण लागते. ह्या ओल्या सरपणास उपाधी म्हणतात. मिस्त्रीच्या दारात एकाच कंपनीच्या दहा गाड्या उभ्या दिसल्या म्हणून ती कंपनी वाईट, असे अनुमान करणारा मनुष्य ही उपाधी विसरतो. त्या दहा गाड्या तेथे असण्याचे कारण एवढेच असू शकेल की गावात त्याच कंपनीच्या शंभर गाड्या आहेत. ज्या कंपनीच्या गावात दोनच गाड्या आहेत आणि त्यांतली एक नित्य मिस्त्रीकडे आहे, ती ह्याहून पुष्कळ वाईट. परंतु डोळ्यास दिसते ती पहिली. उलट बाजूचा हेत्वाभासही आहे. चाळीस वर्षांची एखादी स्कूटर अजून रस्त्यावर दिसली की लोक म्हणतात, ‘पूर्वीच्या गाड्या त्या गाड्या!’ तिच्या बरोबरीने विकल्या गेलेल्या ज्या भंगारात गेल्या, त्या साक्ष द्यावयास कशा येणार?

आम्ही त्या वर्षी शाळामास्तरास सुचेल तेच केले. एक हजेरीपट आखला. गावात तेव्हा असलेल्या दुचाकी त्यात डाव्या बाजूस मांडल्या आणि मृगापासून हस्तापर्यंत दररोज सायंकाळी चौकात चौकशी करून कोण हजर, कोण गैरहजर, आणि गैरहजर असेल तर का, ते लिहीत गेलो. मंडळी प्रथम हसली. पुढे आपण होऊन येऊन नोंदवू लागली. पावसाळा संपल्यावर तो पट वाचला तेव्हा दोन गोष्टी ठळक दिसल्या. एक अशी की खुद्द एंजिनाच्या दोषाने झालेली गैरहजेरी फार थोडी. पंक्चर, काजळी धरलेला प्लग, तुटलेली क्लचची तार, पाणी मिसळलेले पेट्रोल आणि चिखलाने दाटलेले चाक ह्यांनीच बहुतेक रकाने भरले होते. दुसरी अशी की एकाच कंपनीच्या दोन गाड्यांमध्ये जितका फरक होता, तितका दोन कंपन्यांमध्ये नव्हता. आणि त्याहून महत्त्वाची तिसरी गोष्ट आम्हांस उशिरा उमगली: एकदा गैरहजर झालेली गाडी पुन्हा किती दिवसांनी हजर होते, हा रकाना आम्ही सहज म्हणून जोडला होता, आणि खरा भेद तेथे होता. वारंवार बंद पडून तासाभरात सुरू होणाऱ्या गाड्या होत्या. क्वचित बंद पडून, मग नांदेडहून सुटा भाग येईपर्यंत पंधरा-पंधरा दिवस ओसरीवर उभ्या राहणाऱ्याही होत्या. लोक पहिलीस बेभरवशाची म्हणत आणि दुसरीस उत्तम. रोजच्या पोटापाण्यासाठी गाडी लागणाऱ्या मनुष्याने ह्यांतली कोणती घ्यावी, हे वाचकांनीच ठरवावे.

आमचे कनिष्ठ बंधू जनावरांच्या दवाखान्यात नोकरीस होते आणि पैनगंगेच्या काठची गावे त्यांस पायाखाली घालावी लागत. 1987 मध्ये त्यांच्यासाठी गाडी घ्यावयाचे ठरले तेव्हा हा हजेरीपट आमच्यापुढे होता. बाजारात त्या दोन-तीन वर्षांत मोठी उलथापालथ झाली होती. तोवर खेड्यात चालत ती राजदूत, म्हैसूरची येझदी, मद्रासची बुलेट आणि पुण्याकडची लूना. 1984 पासून जपानी कंपन्यांशी करार करून नव्या शंभर सीसीच्या गाड्या एकामागून एक आल्या: इंड-सुझुकी, मग 1985 साली हिरो होंडा व यामाहाची आरएक्स, आणि पाठोपाठ कावासाकी-बजाज. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 मध्येच निघाला होता, तेव्हा मराठवाड्याचा अभिमान बाळगणारा एक पक्षही घरात तयार झाला.

ह्यांपैकी हिरो होंडा चार-स्ट्रोक होती आणि बाकीच्या दोन-स्ट्रोक. हा भेद मुळातला आहे. दोन-स्ट्रोक एंजिनात झडपा नसतात आणि वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जळते; म्हणून धूर निघतो, प्लगवर व सायलेन्सरमध्ये काजळी साचते. परंतु भाग थोडे असल्यामुळे पाना आणि पॉलिशकागद बाळगणारा कोणीही खेडुत मिस्त्री ती सुरू करून देतो. चार-स्ट्रोकमध्ये तेल निराळे राहते, काजळी कमी धरते आणि तितक्याच पेट्रोलात गाडी बरीच दूर जाते. मात्र झडपांचे काम नाजूक, आणि आमच्या गावच्या मिस्त्रीने तोवर ते उघडूनही पाहिले नव्हते. आमच्या तिसऱ्या रकान्याचा कौल उघडच दोन-स्ट्रोककडे होता. बंधूंनी मात्र शांतपणे एक मुद्दा काढला. ते म्हणाले, “दादा, आपल्याकडे गाडी बंद पडण्याचे मोठे कारण डब्यातले पेट्रोल. जी गाडी एकदा पंपावर भरली की आठवडा पुरते, तिला डब्याचे तोंड पाहावे लागणार नाही.” आम्हांस ह्यावर उत्तर नव्हते. हिरो होंडा सीडी शंभर घेतली. तिच्याबरोबर त्याच दिवशी एक प्लग, क्लचची तार आणि ट्यूब विकत घेऊन मागच्या डबीत ठेवली. पंपापर्यंतचे अंतर हाही गाडीच्या गुणदोषांत धरावयाचा असतो, हे आम्ही बंधूंकडून शिकलो.

त्या गाडीची जाहिरात सांगे की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. ह्यातला शेवटचा उपदेश ज्यांनी मनावर घेतला त्यांनी एंजिनातले तेलही बदलले नाही आणि मग कंपनीस शिव्या दिल्या. बंधूंनी विसरण्याचे काम केले नाही. गाडी सोळा वर्षे चालली. तिचे नाव येथे निःशंकपणे लिहितो, कारण ती आता बाजारात मिळत नाही; कोणी आमच्या शब्दावर विसंबून घेईल असे भय उरलेले नाही.

नावांविषयी आणखी थोडे. आपण ‘कंपनी’ म्हणून ज्यावर विश्वास ठेवतो ती वस्तू स्थिर नसते. हिरो आणि होंडा ह्यांची फारकत 2010 च्या अखेरीस ठरली आणि दोघे प्रतिस्पर्धी म्हणून एकमेकांसमोर उभे राहिले. जुन्या गाडीचे पुण्य कोणाच्या खाती जमा धरावयाचे? बजाजने 2009 मध्ये स्कूटरी सोडावयाचे जाहीर केले, आणि 2020 च्या आरंभी चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरीस लावून पुन्हा बाजारात आणले. 2024 मध्ये लूनाही विजेची होऊन परतली. आमच्या शास्त्रात पुनर्जन्म सांगितला आहे, परंतु तेथे आत्मा तोच राहून देह बदलतो. येथे नाव तेवढे जुने आणि आत्माच नवा! ह्या नव्या गाड्या बऱ्या असतील वा वाईट असतील. पण आजोबांच्या चेतकचा दाखला नातवाच्या चेतकास लागू नाही, एवढे निश्चित.

हे सर्व आज लिहावयास बसण्याचे निमित्त आमच्या बंधूंच्या सूनबाई. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि यंदा त्यांची बदली इस्लापुरापासून सोळा किलोमीटरवरील एका तांड्यावर झाली. वाटेत दोन नाले, मध्ये दाट रान, आणि काही भागात फोनला आवाज नाही. शाळेत शिक्षक दोनच. एक पोहोचला नाही तर निम्मी पोरे ओट्यावर बसून राहावयाची. पुतण्याचा आग्रह विजेच्या स्कूटरीचा. त्याचे म्हणणे पोकळ नव्हते: विजेच्या गाडीत प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, तेल नाही, पाणी मिसळावयास पेट्रोलच नाही, आमच्या हजेरीपटातले अर्धे रकाने त्याने एका दमात पुसून टाकले. बत्तीस किलोमीटरची जा-ये एका चार्जिंगमध्ये सहज होते. 2022 साली काही विजेच्या स्कूटरी पेटल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, हेही त्याने सांगितले. अडचण निराळीच होती. आमच्याकडे वादळवाऱ्यात वीज गेली की केव्हा येईल ते महावितरणासही सांगता येत नाही. आणि त्या गाडीत काही बिघडले तर संगणक जोडून दोष पाहणारा मनुष्य नांदेडास.

ह्यावर आमची वहिनी म्हणाली, पेट्रोलची घ्या म्हणजे गावचा मिस्त्री आहेच. परंतु हाही आधार पूर्वीइतका भक्कम उरलेला नाही. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि पेट्रोलच्या दुचाकींतूनही बहुतेक कार्ब्युरेटर जाऊन त्या जागी यंत्राने मोजून पेट्रोल फवारणारी योजना आली. तिच्यातला एखादा सूक्ष्म भाग बिघडला तर आमच्या मिस्त्रीचा पॉलिशकागद निरुपयोगी ठरतो. दोन्ही पक्ष एकाच अडचणीच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर उभे होते.

वाद चालू असता सूनबाई एका रविवारी कोणास न सांगता किनवटास जाऊन आल्या. त्यांनी एका कागदावर पाच वस्तू लिहून नेल्या होत्या: ब्रेकची तार, गाडीचा पट्टा, हवेची गाळणी, बॅटरी, आणि टायर. प्रत्येक दुकानात त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मागवून देऊ असे नको; आत्ता फळीवर आहे का ते दाखवा.” नंतर तांड्याच्या वाटेवर रोज फिरणाऱ्या आरोग्यसेविकेस आणि दूध घालणाऱ्या मनुष्यास गाठून, त्यांची गाडी गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होती ते विचारले. गाडी चांगली आहे का, हा प्रश्न त्यांनी कोणासही विचारला नाही. आम्ही तीस वर्षे मुलांस प्रमाणविचार शिकवला असता तरी ह्याहून चांगला विद्यार्थी निघाला नसता. ‘आप्त’ म्हणजे ज्याची पोटाची भाकर त्या वस्तूवर अवलंबून आहे आणि ती खरीदल्याची शेखी मिरवावयास ज्यास सवड नाही, ही व्याख्या त्यांनी न बोलता करून दाखवली.

त्यांच्या कागदावर शेवटी पेट्रोलच्या दोन स्कूटरी उरल्या: होंडाची अ‍ॅक्टिव्हा आणि टीव्हीएसची ज्युपिटर. दोहोंचेही पाचही भाग फळीवर होते. आता ह्यांतली अधिक विश्वासू कोणती, म्हणून घरात पुन्हा दोन तट पडण्याच्या बेतात होते, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “काका, ह्या दोघींत जो फरक असेल त्याहून मोठा फरक वेळेवर सर्व्हिसिंग केली की नाही ह्यात पडेल. शाळा उघडण्याच्या आत जी मिळेल ती आणू.” तशी आणली. कोणती आणली हे मात्र येथे लिहीत नाही. लिहिले तर उद्या कोणीतरी कोठेतरी ‘इस्लापूरच्या मास्तरांकडे तीच आहे’ असा दाखला देईल आणि आम्ही नकळत कोणाचे तरी मामा होऊन बसू.

विजेच्या स्कूटरीचा विचार घराने टाकून दिलेला नाही. किनवटास तिचा कारागीर आणि फळीवर तिचे सुटे भाग आले म्हणजे तो कागद पुन्हा काढावयाचा, असे पुतण्यास वचन दिले आहे. तूर्त भिंतीवर पंचांगाशेजारी सूनबाईंनी एक पट लावला आहे. त्यात तेल बदलण्याच्या तारखा, चाकांतली हवा आणि ब्रेक ह्यांचे रकाने असून आखणी आमच्या हजेरीपटासारखीच आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्या नाल्यास कमरेइतके पाणी आले. सूनबाईंनी गाडी अलीकडच्या वस्तीवर एका अंगणात लावली, पाणी उतरेपर्यंत तास-दीड तास थांबल्या, आणि उरलेले अडीच किलोमीटर चालत जाऊन शाळा भरवली.